बॉल कुठं गेला?

शुक्रवार, ८ जानेवारी १९८२

आज गोल्फच्या चौथ्या होलवर हे माझ्या ट्रॉलीला अडखळून पडले. ट्रॉली काही लपवून ठेवलेली नव्हती. उजव्या हाताला, अगदी जवळ, लाल पिशवीची! सरळ चालत आले आणि धाडकन गुडघ्यावर!

"कुणी ठेवली ही इथं?" — केवढ्यानं ओरडले! पाचव्या होलवरची जोडी थांबून बघायला लागली.

कॅप्टन हेमचंद्र कर्णिक. अरबी मुलखातल्या या बंदराचे पायलट. तेलाची अजस्र जहाजं जेट्टीला अलगद टेकवतात म्हणून गोरेसुद्धा नाव काढतात — आणि बायकोच्या ट्रॉलीवर आपटले. मी हसले. चुकलंच.

गुडघा खरचटलाय. डेटॉल लावलं.

रविवार, १० जानेवारी

पाण्याचा ग्लास सांडला. परवा दाराची कड खांद्याला लागली. आज परत ग्लास. दर वेळी वस्तूवरच चिडतात.

शुक्रवार, १५ जानेवारी

आज मुद्दाम लक्ष ठेवलं.

हिवाळ्यातल्या शुक्रवारची सकाळ म्हणजे आमची चैन. नऊ होल, एका बाजूला समुद्र, गवताचं पातं नाही. नुसती वाळू! चुना फासलेल्या दगडांच्या मधून खेळायचं. चटईचा तुकडा बरोबर न्यायचा, बॉल त्यावर ठेवून मारायचा. होलभोवती हिरवळ नाही, तेल टाकून दाबलेली काळपट वाळू. तिला 'ब्राऊन' म्हणतात. इंग्रज मंडळी याला अभिमानानं लिंक्स, म्हणजे समुद्राकाठचं गोल्फचं मैदान, म्हणतात. मी चार वर्षांपूर्वी साडी खोचून पहिला फटका मारला तेव्हा बॉल जागेवर आणि चटई पुढे गेली होती. आता ह्यांच्याइतकी नसले तरी बरी खेळते. मला इथं आवडतं. घरात 'अहो' हळू म्हणते, इथं ओरडून म्हणते — वाऱ्यात दुसरं काही ऐकूच येत नाही.

तर लक्ष ठेवलं. हे फटका मारतात. फटका छान! पण बॉलकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. "कुठं गेला?" प्रत्येक वेळी — "कुठं गेला गं?" मी बोट दाखवते, मग तिकडे निघतात. मला वाटायचं, माझ्याशी बोलायला म्हणून विचारतात.

सहाव्या होलवर ते समुद्राकडे तोंड करून उभे होते. मी त्यांच्या उजव्या अंगाला गेले. हात हलवला. काही नाही. जीभ काढून दाखवली! काही नाही. मग डाव्या बाजूला गेले. तिथंही नाही. मी दोन पावलं पुढे सरकले तेव्हा दचकले — "अरे, तू इथं कधी आलीस?"



परत येताना चौकाच्या गोल चक्करला डावीकडून ट्रक येत होता. ह्यांनी गाडी तशीच आत घातली. मी किंचाळले. ब्रेक. ट्रकवाला अरबीत काय काय बोलला. हे म्हणाले, "बघितला होता मी."

नव्हता बघितला.

सोमवार, १८ जानेवारी

पॅट्रिशियाकडे गेले होते. ती वसईची, इथल्या एका दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नर्स. माझी इथली पहिली मैत्रीण. नाव न घेता विचारलं. पण ती काय मूर्ख आहे!

"समोरचं नीट दिसतं?"

"सगळं. पेपर वाचतात, लांबच्या जहाजाचं नाव वाचतात."

"आणि बाजूचं?"

मी ट्रॉलीचं आणि ट्रकचं सांगितलं.

"सुनीता, हे चष्म्याचं काम नव्हे. हे मागचं, नसांचं काहीतरी असतं. कधी कधी वेळेवर कळलं तर थांबवता येतं. उशीर केला तर गेलेलं परत येत नाही. उद्याच घेऊन ये."

"दर वर्षी मेडिकल होते गं त्यांची."

"त्यात काय करतात, समोर तक्ता धरतात. तो वाचतील की ते!"

निघताना माझा हात धरून म्हणाली, "आणि तोवर जहाजावर पाठवू नको." जसं काही मी पाठवते!

मंगळवार, १९ जानेवारी

बोलले. नको होतं बोलायला, म्हणजे जेवताना तरी नको होतं. हामूर मासा केला होता, आवडीचा. ताट बाजूला सारलं.

"पॅट्रिशियाला सांगितलंस? कोणाकोणाला सांगितलंस अजून?"

"नाव नाही घेतलं—"

"मला समोरचं लख्ख दिसतं. बोटीवर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, जहाज ओढणारे टग असतात, वायरलेस असतो. गेली अकरा वर्षं मी हे करतोय. तुला काय कळतं त्यातलं?"

मला काय कळतं — मला एवढं कळतं की जहाजाच्या कप्तानाला इथलं पाणी ठाऊक नसतं. तो सगळं जहाज ह्यांच्या हवाली करतो. हे लाँचमधून जातात, चालत्या जहाजाच्या अंगावर सोडलेली दोराची शिडी पकडतात. लाँच खाली-वर होत असते. शिडी डावीकडे-उजवीकडे झुलत असते. एक पाय चुकला की संपलं. आणि वर पोचलं की पोटात तेल भरलेलं ते धूड वळवायचं. बाजूला काय आहे हे न दिसता!

शुक्रवार, २२ जानेवारी

पाचव्या होलच्या पुढे समुद्र अगदी जवळ येतो. तिथं आपण होऊन बसले, दगडावर. मागे कोणी नव्हतं. लांब तीन टँकर नांगर टाकून उभे होते.

म्हणाले, "ऑगस्टपासून."

ऑगस्टपासून! आणि मी जानेवारीत ट्रॉलीवर हसते.

"आधी वाटलं उन्हामुळं. मग कळलं, दोन्हीकडून पडदा ओढतंय कोणीतरी. सावकाश. मान फिरवून बघायची सवय केली मी. कोणाला कळलं नाही. बोटीवर कोणालाच कळलं नाही."

"मग आता बस करा ना. मुंबईला जाऊ. दाखवू."

"दाखवलं की कागद होतो. कागद झाला की पायलट संपला. पायलट संपला की व्हिसा संपला, घर संपलं. पोराचं, मकरंदचं हॉस्टेल, त्याचं इंजिनिअरिंग... एप्रिलची मेडिकल होऊन जाऊ दे. जूनमध्ये रजा आहे. तेव्हा जाऊ."

"आणि तोवर?"

मग माझा हात घेतला — असा उघड्यावर कधी घेत नाहीत — "कोणाला सांगणार नाहीस. माझी शपथ."

मी मान हलवली. त्यांना दिसावी म्हणून अगदी समोर उभी राहून हलवली.

उरलेले होल खेळलो. मी बॉलवर नजर ठेवली, ते माझ्यावर. दुरून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय प्रेमळ जोडपं!

मंगळवार, २६ जानेवारी

पहाटे युनिफॉर्म घालून गेले. वारा सुटलाय. दिवसभर खिडक्या वाजतायत. फोन वाजला, हातातलं टाकून धावले. पॅट्रिशियाचा होता. उचलून ठेवून दिला.

शुक्रवार, २९ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सातवा होल. ह्यांचा फटका. ब्राऊनच्या बराच उजवीकडे ताहिर उभा होता, तेलाचा डबा घेऊन. ताहिर कोर्सवर काम करतो, पेशावरकडचा, वयस्क माणूस. आम्ही आलो की लांबूनच सलाम करतो. तो पाठमोरा होता. मी अजून ट्रॉली लावत होते. मी 'थांबा' म्हणायच्या आत ह्यांनी मारला. वाऱ्यानं बॉल उजवीकडे ओढला.

आवाज आला. टक् — लाकडावर आपटावा तसा. ताहिर खाली बसला. मग आडवा झाला.

"कुठं गेला?" हे म्हणाले. हसत! माझ्याकडे बघून!

मी धावले. कानाच्या वर लागलं होतं. साफ्यामुळं वाचला. साफा सोडला तर रक्त गळ्यापर्यंत. मी ओढणीनं दाबून धरलं. तोच मला सांगत होता, "कुछ नहीं बीबीजी, कुछ नहीं, रोना नहीं." हे मागून आले. येऊन उभे राहिले. खाली बघितलं. आता अगदी समोर होता ना — आता दिसला.

दवाखान्यात नेलं. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जरा पुढे लागता तर कानशील होतं. रात्रभर ठेवून घेतलं आहे. ताहिरनं सगळ्यांना सांगितलं — हवा तेज थी, मेरी गलती, मैं बीच में खड़ा था. तो मध्ये उभा नव्हता. लहान मुलालाही दिसला असता.

घरी आल्यापासून हे बाल्कनीत बसलेत. चहा गार झाला, दुसरा ठेवला, तोही झाला. मी जाऊन समोर बसले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू हाक मारली नाहीस."

एवढंच.

मला वाटलं होतं, आता तरी...

शनिवार, ३० जानेवारी

सकाळी ताहिरला बघायला गेले. बसलाय, खातोय. देवा, आभार!

हे संध्याकाळी कुठंतरी जाऊन आले. टॅक्सीनं. विचारलं नाही, सांगितलं नाही.

रविवार, ३१ जानेवारी

युनिफॉर्म घालून गेले! परवा माणसाचं डोकं फुटलं आणि आज युनिफॉर्म!

गाडी नेली नाही, टॅक्सी बोलावली. तेवढी अक्कल आली म्हणायची. स्वतःची गाडी नको, पण लोकांचं जहाज चालतं.

मला त्यांचा राग येतोय. बावीस वर्षांत असा कधी आला नव्हता.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

कोर्सवर गेलो नाही. दोघंही घरात. दोन खोल्यांत.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

पॅट्रिशिया घरी आली. हे ड्यूटीवर. खुर्चीत टेकायच्या आधीच, "अजून जातात?"

"जातात."

"तू सांग कोणाला तरी."

"शपथ घातलीय."

"शपथ! लाँचवरच्या पोरांना कोणी घातलीय शपथ? त्यांच्या बायका बसल्यात ना केरळात, रत्नागिरीत." मग रडायला लागली. मीही. चहा तसाच.

शनिवार, १३ फेब्रुवारी

आज आपण होऊन बोलले. "शुक्रवारी मिक्स्ड फोरसम्स आहेत. नाव दिलंय आपलं."

मिक्स्ड फोरसम्स म्हणजे नवरा-बायको मिळून एकच बॉल. एक फटका त्यांचा, एक माझा. दर वर्षी खेळतो, दर वर्षी हरतो.

"आता? ताहिरच्या नंतर?"

"तू प्रत्येक वेळी बघशील. तू हो म्हटल्याशिवाय मी हात उचलणार नाही." आणि दारातून परत येऊन, "एकदा खेळू या गं."

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

आमच्या बरोबर कोणाची जोडी यावी — कॅप्टन वेब आणि त्यांच्या मिसेस! बंदराचे सर्वात वरचे अधिकारी. ह्यांचे साहेब. पाटीवरचं नाव मी दोनदा वाचलं. नऊ होल, सगळा वेळ, दहा हातांवर!

सकाळी धुकं होतं. जेट्टीकडून भोंगा येत होता, अधूनमधून. ह्यांची मान दर वेळी तिकडे वळायची.

मी ठरवलं होतं, मराठीत सांगायचं. कोणाला कळणार! "उजवीकडे मिसेस वेब उभ्या आहेत, थांबा. हं, गेल्या. आता मारा." "बॉल पांढऱ्या दगडाच्या अलीकडे, डाव्या अंगाला. खड्डा आहे, जपून." असं पुटपुटत राहायचं, चेहऱ्यावर हसू ठेवून. दोन होल मी अशी खेळले की बॉल मारते आहे की माती, तेच कळेना. तिसऱ्यावर हे हळूच म्हणाले, "माझं सोड. तुझा फटका आहे, तू बॉल बघ." मग मारला. तो जो गेला! सरळ, वाऱ्याच्या खालून, ब्राऊनवर जाऊन थांबला.

"कुठं गेला?"

"झेंड्यापाशी!"

"कोणाच्या झेंड्यापाशी?"

"आपल्याच!" — आणि आम्ही दोघंही हसलो. महिनाभरात पहिल्यांदा. मला मग स्वतःचाच राग आला, की हसू येतंय कसं.

चौथ्या, पाचव्याला पुढे गेलो. सहाव्यावर आमचा बॉल समुद्राच्या बाजूला, शंखशिंपल्यांच्या ढिगात. मी वाट दाखवत होते तेवढ्यात कॅप्टन वेब पुढे झाले. ह्यांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाले, "हेम, जरा डावीकडे. इथं उतार आहे." अगदी सहज. पण कोपर धरलं! आंधळ्याला धरतात तसं!

ह्यांनी हात झटकला नाही.

सातव्यावर ताहिर होता. टोपी घातली होती, साफ्याऐवजी. ह्यांना बघून सलाम केला. मी म्हटलं, "ताहिर सलाम करतोय, समोर, जरा उजवीकडे." हे तिकडे वळले, चालत गेले आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. काय बोलले ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. बराच वेळ उभे होते. मागची जोडी खोळंबली.

एका फटक्यानं हरलो. मी शेवटच्या ब्राऊनवर चुकले — हातभर अंतरावरून! हे म्हणाले, "चालायचंच. छान खेळलीस." खरंच छान खेळले मी. इतकी छान कधीच खेळले नाही.

चहाच्या वेळी कॅप्टन वेब माझ्या शेजारी आले. "मिसेस कर्णिक, तुमची भाषा छान आहे. सबंध वेळ तुम्ही एकच कविता म्हणताय असं वाटत होतं." डोळे माझ्यावर रोखलेले. मी काहीतरी बोलले. कपबशी टेबलावर ठेवली.

त्यांना संशय आलाय. नक्की!

सोमवार, २२ फेब्रुवारी

दुपारपासून शमाल सुटलाय, इथला वाळूचा वारा. आमची सगळी अदलिया वस्ती पिवळी झाली आहे. समोरचं घर दिसत नाही.

चार वाजता शेजारची आमिना धावत आली. तिचा नवरा टगवर असतो. "टँकर जेट्टीला घासला. लाँचवरच्या एकाचा हात सापडला मध्ये." नाव? माहीत नाही. कुठला? माहीत नाही. "पायलटची चूक, असं म्हणतायत."

पायलटची चूक.

बंदरात फोन लावला, लागेना. परत, परत. लाइनच मफी, बंद! देवासमोर बसले, उठले, दारात गेले. वाळू दातांत.

हे अंधार पडताना आले. धडधाकट. युनिफॉर्मवर धूळ. मी विचारलं नाही, ओरडलेच — "कोण होता जहाजावर?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण होता?"

"मी नव्हतो." बूट काढत होते, मान खाली. "नवा पायलट आहे एक. वारा फार होता. दोन बोटं गेली लाँचवरच्या बिचाऱ्या पोराची."

"माझ्याकडे बघून सांगा."

बघितलं. सांगितलं. "मी नव्हतो, सुनीता."

माझा विश्वास नाही बसत. ऑगस्टपासून माझ्याकडे बघूनच तर खोटं बोलत होते.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

दोन बोटं. कोणत्या हाताची? जेवतो त्या, की दुसऱ्या?

ताहिरला लागलं तेव्हा मी तिथं होते. दाबून धरायला तरी होते. ह्या माणसाचं मला नावही ठाऊक नाही आणि मी मान हलवून शपथ पाळत बसले आहे.

उद्या कॅप्टन वेबना भेटणार. ह्यांना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. न बघू देत. निदान बघण्याजोगे डोळे राहतील. आणि कोणीतरी आपल्या घरी दोन्ही हातांनी परत जाईल.

इस्त्री करून युनिफॉर्म खुर्चीवर ठेवला. रोजच्यासारखा. त्याची घडी घालताना वाटलं, शेवटची.

बुधवार, २४ फेब्रुवारी

सगळं सांगितलं. न रडता. कॅप्टन वेब शेवटपर्यंत मध्ये बोलले नाहीत. मग उठून दार लावून घेतलं.

म्हणाले, "मिसेस कर्णिक, हेम तीस जानेवारीला माझ्या घरी आला होता. स्वतः. म्हणाला, मला आजपासून जहाजावर पाठवू नका. तेव्हापासून त्यानं शिडीला हात लावलेला नाही. रोज येतो, नव्या माणसांना नकाशावरून पाणी समजावतो. मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मॅच झाली की तुम्हाला सांगणार होता. धीर झाला नसेल."

घरी आले. संध्याकाळी हे आले, युनिफॉर्ममध्ये. मी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले.

"आज किती जहाजं?" मी विचारलं.

"दोन," ते म्हणाले. "एक फार मोठं होतं."

"दमला असाल," मी म्हटलं. "बसा. चहा टाकते."